बाराव्या मजल्यानंतर थेट चौदावा: तेराचे भय आपल्याकडे आले कोठून?

कोथरूडकर (धागाकर्ते):

नमस्कार. पुण्यातील एका नव्या गृहप्रकल्पात सदनिका घेण्याचा आमचा विचार चालू आहे. माहितीपत्रकातील मजल्यांचा तक्ता वाचताना असे दिसले, की बाराव्या मजल्यानंतर थेट चौदावा मजला येतो. विक्री कार्यालयात विचारणा केली तेव्हा, तेराव्या मजल्यावर घर घ्यायला लोक कचरतात म्हणून तो आकडाच वगळला आहे, असे सांगण्यात आले. आमच्या सासूबाई तिथी-वार पाहिल्यावाचून नवी केरसुणीसुद्धा घरात आणत नाहीत, परंतु तेराविषयीची ही भीती त्यांनाही ठाऊक नव्हती. "मग धनत्रयोदशी काय बाराव्या दिवशी येते?" असा उलट प्रश्न त्यांनी त्या विक्रेत्या तरुणाला विचारला आणि तो बिचारा निरुत्तर झाला.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते, की तेरा हा आकडा अशुभ असल्याची समजूत आपल्या परंपरेत खरोखर आहे का, की ती बाहेरून आली? अन्य देशांतही हाच आकडा टाळतात, की प्रत्येकाचा वेगळा? आणि या समजुतींचा माणसांवर किंवा घरांच्या किमतींवर काही परिणाम होतो, असे कोणी तपासून पाहिले आहे का?

पंचांगप्रेमी:

आपल्या सासूबाईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. पंचांगात तिथींचे नंदा, भद्रा, जया, रिक्ता आणि पूर्णा असे पाच गट मानलेले आहेत. प्रतिपदा ही नंदा, द्वितीया भद्रा, तृतीया जया, चतुर्थी रिक्ता, पंचमी पूर्णा, आणि षष्ठीपासून तेच चक्र पुन्हा सुरू होते. या हिशेबाने तृतीया, अष्टमी आणि त्रयोदशी या जया तिथी ठरतात, तर चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता, म्हणजे मंगलकार्याला सामान्यतः वर्ज्य. मजल्याला तिथी लावण्याचे काही कारण नाही हे उघड आहे. पण लावायचीच झाली, तर आपल्या विकसकाने जया तिथीवरचे घर उचलून रिक्तेवर नेऊन ठेवले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. चतुर्थी रिक्ता असली तरी महाराष्ट्रात ती गणपतीची आहे, नवमी रामजन्माची आहे आणि चतुर्दशी अनंताची आहे. पंचांग विशिष्ट दिवशी विशिष्ट काम टाळायला सांगते. चार, नऊ किंवा चौदा या आकड्यांना भिण्यास ते कोठेही सांगत नाही. म्हणूनच रिक्ता तिथी कटाक्षाने टाळणाऱ्या घरातही खोली क्रमांक चारमध्ये संसार सुखाने चालू असतो.

आपल्याकडे तेरा या आकड्याला चिकटलेले दोन संदर्भ मात्र आहेत आणि ते नाकारता येणार नाहीत. पहिला मृत्यूनंतरच्या तेराव्याचा. परंतु तो दिवस शोकाच्या समाप्तीचा असतो. गोडाचे जेवण करून घर पुन्हा रोजच्या व्यवहाराला लागते ते त्याच दिवशी. दुसरा संदर्भ "दुष्काळात तेरावा महिना" या म्हणीतला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना अधिक घालावा लागतो, आणि ज्या वर्षी आधीच धान्य पुरत नाही त्या वर्षी आणखी एक महिना काढायचा, ही खरी अडचण त्या म्हणीत आहे. तक्रार आकड्याबद्दल नसून कणगीच्या तळाबद्दल आहे. याच अधिक मासात लग्नमुंजी होत नाहीत, पण जावयाला अनारशांचे वाण द्यायला मात्र तो उत्तम समजला जातो.

आपल्याकडचा खरा नकोसा आकडा तीन आहे. ताटात एकदम तीन पोळ्या वाढत नाहीत, तिघांनी मिळून कामाला निघू नये म्हणतात, आणि "तीन तिघाडा काम बिघाडा" हे तर लहान मुलांनाही पाठ असते. आहेराच्या पाकिटात शंभराऐवजी एकशे एक घालण्यामागे शून्यावर संपणारी रक्कम टाळण्याचा संकेत आहे. या सगळ्यात तेरावा मजला कोठेच बसत नाही.

कल्याण ते कौलून:

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे हाँगकाँगमध्ये राहतो, त्यामुळे वगळलेले मजले हा माझ्या रोजच्या पाहण्यातला विषय आहे. येथे मुख्य वैर चाराशी आहे. चिनी भाषांत चार आणि मृत्यू या दोन शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, फरक केवळ स्वराच्या चढउताराचा. चिनी अंकांबरोबर ही समजूत कोरिया आणि जपानमध्येही पोहोचली. कोरियात अनेक उद्वाहकांमध्ये (लिफ्टमध्ये) चारच्या बटनावर इंग्रजी 'एफ' हे अक्षर असते. जपानमध्ये चाराच्या जोडीला नऊही टाळतात, कारण त्याचा उच्चार यातनेच्या शब्दासारखा होतो. रुग्णालयांत हे दोन्ही क्रमांक खोल्यांना देण्याचे अनेकदा टाळले जाते, आणि शेवटी ४२ किंवा ४९ येणारे वाहन क्रमांक कोणी मागितल्याखेरीज देत नाहीत. चार आणि नऊ ही पंचांगप्रेमी यांनी सांगितलेल्या रिक्ता तिथींचीच जोडी आहे, हे वाचून गंमत वाटली. अर्थात दोन्हींचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

हाँगकाँगमध्ये चौदा चारापेक्षाही वाईट समजला जातो, कारण कॅन्टोनीजमध्ये त्याचा उच्चार 'मरण निश्चित' असा ऐकू येतो. इंग्रजांनी आणलेले तेराचे भयही येथे रुजलेले असल्यामुळे कित्येक इमारतींत बारानंतर एकदम पंधरावा मजला येतो, आणि काही ठिकाणी चाळीस ते एकोणपन्नास हे सगळे आकडे गाळलेले असतात. कॉन्ड्युइट रोडवरील एका आलिशान इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्याला ८८ हा क्रमांक दिला गेला, तेव्हा प्रत्यक्षात मजले पन्नासाहून कमी असल्याचे वृत्तपत्रांनी मोजून दाखवले होते. आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाशी जुळतो, म्हणून हा सगळा खटाटोप. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री आठ वाजता झाले, तेही याच हिशेबाने. येथे सरकार मोजक्या वाहन क्रमांकांचा लिलाव करते. २००८ मध्ये '१८' हा क्रमांक १ कोटी ६५ लाख हाँगकाँग डॉलरला गेला. म्हणजे लोकांच्या समजुतीतून येथील तिजोरीतही भर पडते.

विकसकाला फार दोष द्यावा असे मला वाटत नाही. शेजाऱ्याला चार वस्तूंची भेट देऊ नये, हे आम्ही येथे पहिल्याच वर्षी शिकलो, आणि ते पाळताना आमची बुद्धी गहाण पडली असे कधी वाटले नाही. मात्र ज्या आकड्याला आपल्या गिऱ्हाइकांपैकी फारसे कोणी भीतच नाही, तो केवळ परदेशी हॉटेलांत टाळतात म्हणून आपणही टाळावा, यात कोणाची सोय झाली, हे मला समजलेले नाही.

ग्रंथघर:

तेराचे भय युरोपातील ख्रिस्ती जगातले आहे, आणि आरंभी ते मजल्यांचे नव्हते. जेवणाच्या टेबलाचे होते. येशूच्या अखेरच्या भोजनाला बारा शिष्य आणि स्वतः येशू असे तेरा जण होते, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, त्याला क्रुसावर चढवले गेले. त्यावरून एका टेबलावर तेरा जण बसले तर त्यांतील एक जण वर्षाच्या आत मरतो, अशी समजूत पसरली. शुक्रवार आणि तेरा तारीख यांची जोडी त्या मानाने बरीच अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. महाजालावर या संदर्भात दोन गोष्टी वारंवार सांगितल्या जातात. फ्रान्सच्या राजाने टेम्पलर सरदारांची, म्हणजे धर्मयुद्धांतील ख्रिस्ती योद्ध्यांच्या एका पंथाची, धरपकड केली तो १३ ऑक्टोबर १३०७ हा दिवस शुक्रवारच होता, हे खरे. परंतु त्या घटनेशी या समजुतीची गाठ विसाव्या शतकातील लेखकांनी मारली. प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात तेरावे कलम नाही, ही तर निव्वळ दंतकथा आहे, कारण मूळ शिलालेखावर कलमांना क्रमांकच नाहीत. ते आधुनिक संपादकांनी घातले.

या भीतीची थट्टा करणारेही लवकरच निघाले. न्यूयॉर्कमध्ये विल्यम फाउलर नावाच्या निवृत्त कप्तानाने 'थर्टीन क्लब' स्थापन केला आणि १३ जानेवारी १८८२ रोजी त्याचे पहिले भोजन तेरा क्रमांकाच्या खोलीत, शिडीखालून प्रवेश करून आणि मीठ मुद्दाम सांडून पार पडले. चेस्टर आर्थर आणि थिओडोर रूझवेल्ट हे राष्ट्राध्यक्षही त्याच्या मानद सभासदांत होते. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलने नेमका उलट मार्ग धरला. १८९८ मध्ये तेथे वुल्फ जोएल यांच्या मेजवानीला ऐनवेळी तेरा जण उरले, टेबलावरून प्रथम उठणारा मरेल असे कोणीतरी म्हणाले, जोएल प्रथम उठले, आणि थोड्याच आठवड्यांत जोहान्सबर्गमध्ये त्यांचा गोळी घालून खून झाला. त्यानंतर तेरा पाहुणे आले की हॉटेल आपला एक माणूस चौदावा म्हणून बसवू लागले. पण खासगी बोलणे परक्याने ऐकावे हे पाहुण्यांना रुचेना, म्हणून १९२७ मध्ये वास्तुविशारद बॅसिल आयोनाइड्स यांच्याकडून 'कॅस्पर' नावाचे लाकडी काळे मांजर घडवून घेतले गेले. त्याच्या गळ्यात रुमाल बांधून त्याला प्रत्येक पदार्थ रीतसर वाढला जातो. ज्या युरोपात काळे मांजर आडवे जाणे अशुभ मानणारे पुष्कळ आहेत, तेथेच तेराचा दोष काढायला काळे मांजर बसवावे, ही मला या सगळ्यातली सर्वांत आवडती विसंगती वाटते.

युरोपभर तेराच टाळतात असेही नाही. इटलीत तेराला शुभ मानणारे पुष्कळ आहेत आणि धास्ती सतराची आहे. रोमन अंकांत लिहिलेल्या सतराची अक्षरे फिरवली की लॅटिनमध्ये 'मी जगलो', म्हणजेच 'मी आता नाही', असा शब्द तयार होतो, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. रेनॉ कंपनीने आपली '१७' ही मोटार इटलीत '१७७' या नावाने विकली, आणि लुफ्तान्साच्या विमानांत तेरावी व सतरावी अशा दोन्ही रांगा नसतात. स्पेन आणि ग्रीस येथे शुक्रवारऐवजी मंगळवारी येणारी तेरा तारीख वाईट. मंगळवारचा संबंध युद्धदेवतेशी लावला जातो, आणि ग्रीकांच्या दृष्टीने कॉन्स्टँटिनोपल पडले तो २९ मे १४५३ हा दिवसही मंगळवारच होता.

पंचांगप्रेमी:

ग्रंथघर यांच्या शेवटच्या माहितीवर एक पुरवणी. मुहूर्तशास्त्रात मंगळवारी आलेली जया तिथी 'सिद्धा' मानतात, म्हणजे मंगळवारची त्रयोदशी कार्यसिद्धीला चांगली. त्याच दिवशी भौमप्रदोषही, म्हणजे मंगळवारी येणारा शिवाच्या व्रताचा प्रदोषही, असतो. वार मंगळाचा, आकडा तेरा, आणि स्पेनमध्ये त्या दिवशी "लग्न करू नये, जहाजात चढू नये" अशी म्हण.

गल्लीतला पंच:

क्रिकेटचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात ८७ ही धावसंख्या सैतानाची समजतात, कारण ती शतकाला तेराने कमी आहे. कीथ मिलर यांनी लहानपणी डॉन ब्रॅडमन यांना ८७ वर बाद होताना पाहिले आणि तेथून ही समजूत सुरू झाली, असे सांगतात. पुढे धावफलक तपासला तेव्हा ब्रॅडमन त्या डावात ८९ वर बाद झाल्याचे निघाले, तरी ८७ ची बदनामी काही मिटली नाही. इंग्लंडमध्ये १११ ला 'नेल्सन' म्हणतात. अॅडमिरल नेल्सन यांना एक डोळा, एक हात आणि एक पाय होता, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. वास्तविक त्यांचे दोन्ही पाय शाबूत होते. धावफलकावर १११, २२२ किंवा ३३३ लागले की पंच डेव्हिड शेफर्ड एक पाय उचलून उडी मारत, हे आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिले असेल. ११ नोव्हेंबर २०११ रोजी केपटाऊनच्या कसोटीत अकरा वाजून अकरा मिनिटांनी दक्षिण आफ्रिकेला विजयासाठी नेमक्या १११ धावा हव्या होत्या, तेव्हा पंच इयन गूल्ड आणि प्रेक्षक एका पायावर उभे राहिले होते. त्या दिवशी दक्षिण आफ्रिका आरामात जिंकली.

आकडेमोड:

धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न पुराव्याचा होता, त्याविषयी लिहिते.

डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९७३ ते १९९८ या काळातील अमेरिकेतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असे मांडले, की चिनी आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू महिन्याच्या चार तारखेला इतर दिवसांपेक्षा अधिक, सुमारे सात टक्क्यांनी जास्त होतात. गोऱ्या अमेरिकनांत तसे दिसत नाही. भीतीनेच माणूस मरतो असा त्याचा अर्थ लावला गेला आणि हा निष्कर्ष जगभर छापून आला. पुढच्याच वर्षी गॅरी स्मिथ यांनी दाखवून दिले, की हृदयविकाराचे काही निवडक प्रकारच मोजल्यामुळे तो फरक दिसत होता आणि अन्य वर्षांच्या नोंदींत तो आढळत नाही. पहिल्या लेखाला मिळालेली प्रसिद्धी दुसऱ्याला मिळाली नाही, हे ओघानेच आले. याच नियतकालिकात १९९३ मध्ये, शुक्रवारी तेरा तारखेला लंडनजवळच्या महामार्गावर गर्दी कमी असूनही अपघातग्रस्तांची रुग्णालयातील भरती वाढते, असा लेख आला होता. तो नाताळच्या, म्हणजे हलक्याफुलक्या मजकुराच्या अंकातला होता आणि नमुना इतका लहान होता, की त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

घरांच्या किमतींबाबत मात्र विश्वसनीय अभ्यास आहे. कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात, जेथे चिनी वंशाची वस्ती सरासरीपेक्षा अधिक आहे अशा भागांत, शेवटी चार असलेल्या क्रमांकाची घरे सुमारे २.२ टक्के स्वस्त आणि शेवटी आठ असलेली सुमारे २.५ टक्के महाग विकली गेल्याचे आढळले. इतर वस्त्यांत हा फरक दिसला नाही. म्हणजे तोटा आकड्यात नसून गिऱ्हाइकाच्या मनात आहे, आणि गिऱ्हाईक कोण हे त्या त्या वस्तीवर अवलंबून आहे. पुण्यात तेराव्या मजल्याला कमी भाव मिळतो की नाही, हे पाहायचे तर तेरावा मजला आधी विकायला ठेवावा लागेल.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक भर. ग्रेगोरियन दिनदर्शिकेचे चक्र चारशे वर्षांनी, म्हणजे ४८०० महिन्यांनी पुन्हा तसेच येते. या ४८०० तेरा तारखांपैकी ६८८ शुक्रवारी येतात आणि हा आकडा इतर कोणत्याही वारापेक्षा मोठा आहे. गुरुवार आणि शनिवार यांच्या वाट्याला प्रत्येकी ६८४ येतात.

नकाशाघर:

मी वास्तुविशारद आहे. आतापर्यंतच्या प्रतिसादांत एक व्यावहारिक मुद्दा राहून गेला आहे, तो म्हणजे मजले मोजण्याची पद्धत. अमेरिकेत जमिनीलगतच्या मजल्याला पहिला म्हणतात. आपण त्याला तळमजला म्हणतो आणि त्यावरच्याला पहिला. त्यामुळे अमेरिकन माणूस ज्या तेराव्या मजल्याला घाबरतो तो आपला बारावा असतो. भीती खरोखरच आयात करायची असती, तर विकसकाने बारावा वगळायला हवा होता. त्यात आजकाल खाली वाहनतळाचे दोन-तीन थर, त्यावर पोडियम, म्हणजे सामायिक वापराचा चौथरा, आणि मग निवासी मजल्यांची मोजणी सुरू होते, तेव्हा जमिनीपासून तेरावी पातळी नेमकी कोणती, हे रहिवाशांना सांगताच येणार नाही.

भारतात क्रमांक वगळण्याचे सर्वांत मोठे उदाहरण इमारतीचे नसून शहराचे आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या चंदीगडच्या मूळ आराखड्यात तेरा क्रमांकाचा सेक्टर नव्हताच. अगदी अलीकडे मनीमाजरा भागाला तो क्रमांक देण्यात आला. ज्या पंजाबची ती राजधानी, तेथील शीख परंपरेत मात्र हा आकडा अत्यंत प्रिय आहे. सुलतानपूर लोधीच्या मोदीखान्यात धान्य मोजताना गुरू नानक तेरावर आले की 'तेरा', म्हणजे 'सर्व तुझेच', असे म्हणत तेथेच थांबत आणि मापे घालत राहत, अशी कथा सांगतात.

क्रमांक वगळण्याला माझा आक्षेप श्रद्धेच्या कारणाने नाही. अग्निशमन दलाचा माणूस बाहेरून खिडक्या मोजून मजला ठरवतो आणि आतून माहिती देणारा उद्वाहकातला आकडा सांगतो. एका मजल्याच्या फरकाने जिन्यात चुकीच्या दारापाशी पोहोचणे ही लहान बाब नव्हे. नेमक्या याच कारणासाठी व्हँकूव्हर शहराने २०१५ मध्ये नव्या इमारतींत चार, तेरा, चौदा असे कोणतेही क्रमांक वगळण्यास मनाई केली. एवढी मोठी चिनी वस्ती असलेल्या शहराने हा निर्णय घेतला, हे विशेष.

कोथरूडकर (धागाकर्ते):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नकाशाघर यांचा प्रतिसाद वाचून महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर या प्रकल्पाचा मंजूर नकाशा पाहिला. त्यात बारा, तेरा, चौदा असे सर्व मजले ओळीने आहेत. आम्हाला दाखवलेली 'चौदाव्या' मजल्यावरची सदनिका त्या नकाशात तेराव्यावर आहे. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी तीच सदनिका नक्की करायला सांगितले. आता करारनाम्यात मजला कोणता लिहून घ्यावा?

नकाशाघर:

मंजूर नकाशातील तेरावा मजलाच लिहून घ्यावा, आणि विकसकाचा विक्रीसाठीचा क्रमांक 'दर्शनी क्रमांक चौदा' असा स्वतंत्रपणे नमूद करून घ्यावा. नोंदणीनंतरच्या सूची क्रमांक दोनमध्येही (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यातही) तेरावाच आला आहे ना, हे तपासावे. कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार येईल तेव्हा तो नकाशा आणि करारनामा ताडून पाहील. दोन्हींत वेगवेगळे मजले दिसले तर खुलासा देण्यात कर्जमंजुरीचे काही दिवस विनाकारण जातील. पुढे सोसायटी स्थापन झाल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेत, जिन्यातील पाट्यांवर मंजूर नकाशाप्रमाणेच क्रमांक लावण्याचा ठराव मांडता येईल. बहुमत मिळेल की नाही ते सभासदांवर आहे. निदान सासूबाईंचे मत आपल्या बाजूने आहे.